लालीभोवती पेनाची रेघ

अण्णांचा लाल दिवा अजून आमच्या इचलकरंजीच्या घरात माळ्यावर आहे. लोखंडी स्टँड, वाकवता येणारी मान, भोवती पत्र्याची टोपली आणि आत नारळाएवढा लाल काचेचा बल्ब, दीडशे वॅटचा. अण्णा यंत्रमागावर जॉबर होते. माग बिघडला की खाली वाकायचं, हात खांद्यापर्यंत आत घालायचा आणि चाचपडत दुरुस्ती करायची. हे त्यांनी तीस वर्षं केलं. त्यांचा उजवा खांदा धरला तेव्हा मी आठवीत होते. डॉक्टरांनी शेक घ्यायला सांगितला. रोज दवाखान्यात जाऊन बसायचं तर रोजची पाळी बुडणार, म्हणून अण्णांनी उसनवारी करून दिवाच विकत आणला.

संध्याकाळी सात ते साडेसात ही शेकाची वेळ. बाहेर मागांचा खटाखट, आत ट्यूब बंद आणि अण्णा उघड्या अंगाने स्टुलावर. सगळी खोली जास्वंदीच्या रंगाची होऊन जाई. आम्ही भावंडं तिथेच बसून अभ्यास करायचो, कारण दुसऱ्या खोलीत स्वयंपाक चाललेला असे. त्या उजेडात मला एक गोष्ट दिसली होती. तिचा अर्थ कळायला पुढे कितीतरी वर्षं जावी लागली. गणिताच्या वहीतले बाईंचे लाल शाईचे शेरे त्या दिव्याखाली दिसतच नसत. फुल्या, गोल, 'पुन्हा कर', सगळं नाहीसं. निळ्या शाईतली माझी गणितं तेवढी काळीभोर उठून दिसत. ट्यूब लावली की चुका परत आपापल्या जागी.

अण्णांचा खांदा हळूहळू मोकळा झाला. असा धरलेला खांदा पुष्कळदा वर्ष-दोन वर्षांत आपणहून सुटतो हे मला नंतर कळलं. तेव्हा सगळं श्रेय दिव्याला मिळालं आणि दिवा गल्लीचा झाला. कुणाची पाठ, कुणाचा गुडघा, कुणाची दाढ. मानेवर गळू झालेला पोरगाही येई आणि घसा बसलेली शिक्षिकाही. आई कुणाला नाही म्हणत नसे. लोक ऊब घेऊन उठत आणि बरं वाटलं म्हणत. खोटं ते बोलत नव्हते. उबेने स्नायू सैल पडतात, ठणका उतरतो.

आत्या शिरोळहून आली ती श्रावणात. चिखलात उभं राहून तिच्या पायाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या होत्या. दर पावसाळ्यात होत, ती खोबरेल तेल लावून भागवायची. त्या वर्षी मात्र डावं पाऊल सुजलं होतं आणि ठणकत होतं. तिला साखर होती. गोळ्या कधी घ्यायची, कधी राहायच्या. मी तेव्हा नुकती बँकेत लागले होते, घरातली पहिली पगारदार मुलगी. आत्याने विश्वासाने पाय पुढे केला आणि मी दिवा लावला. तीन संध्याकाळी, अर्धा-अर्धा तास.

"जवळ घे की गं दिवा, काय कळतच न्हाई," असं ती दुसऱ्या दिवशी म्हणाली. मी दिवा जवळ घेतला. तिला ऊब का कळत नाही, हा प्रश्न मला पडला नाही.

चौथ्या दिवशी सकाळी ती परसात तोंड धुवायला बसली होती. पाऊस उघडला होता, ऊन होतं. त्या उन्हात मी तिचा पाय पाहिला. पावलावर शेकाने उठलेला रुपयाएवढा फोड आणि नडगीच्या निम्म्यापर्यंत चढलेली लाली, चकचकीत, ताणलेली. तीन संध्याकाळ मी त्या पायाशी बसले होते, त्यावरून हात फिरवला होता. सावळ्या कातडीवर लाली तशीही उशिरा नजरेत भरते, आणि लाल दिव्याखाली तर ती दिसणारच नव्हती. बाईंचे शेरे दिसत नसत, तशीच.

मिरजेला नेलं. वॉर्डातल्या सिस्टरांनी खिशातलं बॉलपेन काढलं, लालीच्या कडेकडेने नडगीवर रेघ ओढली आणि शेजारी वेळ लिहिली, ११.४०. मी विचारलं, हे कशाला? "लाली रेघेच्या आत राहिली तर औषध लागू पडतंय. रेघ ओलांडली तर डॉक्टरांना बोलवायचं." संध्याकाळी लालीने रेघ ओलांडली. दुसरी रेघ ओढली, औषध बदललं. आत्याच्या डाव्या पायाची करंगळी आणि शेजारचं बोट काढावं लागलं. एकोणीस दिवस ती तिथे होती. साखरेने पायाच्या नसा बधिर झाल्या की ऊब कळत नाही, म्हणून अशा पायाला शेक द्यायचाच नसतो. पण फोडापेक्षा मोठं नुकसान त्या तीन दिवसांचं झालं होतं. चिखल्यांच्या चिरेतून शिरलेले जंतू वर चढत होते आणि मी त्यांना उबदार, लाल, शांत उजेडाखाली झाकून ठेवलं होतं.

आत्याने मला कधी बोल लावला नाही. "तुझ्या हातानं बरं वाटत हुतं बाय," एवढंच म्हणायची. त्या वाक्याने मला वर्षानुवर्षं झोप लागू दिली नाही.

आपल्या भाषेत दोन वेगळे शब्द आहेत, जंतुसंसर्ग आणि दाह. बोलताना मात्र आपण दोन्हींना सरसकट 'इन्फेक्शन' म्हणतो. जंतुसंसर्ग म्हणजे बाहेरचं कुणीतरी आत शिरलं. दाह म्हणजे त्यावर शरीराने उठवलेली हाकाटी. सेल्सस नावाच्या रोमन लेखकाने पहिल्या शतकात दाहाची चार लक्षणं लिहून ठेवली आहेत: लाली, उष्णता, सूज, वेदना. आजही ती तशीच शिकवतात. या चार गोष्टी जंतू करत नाहीत, आपलं शरीर करतं. रक्तवाहिन्या रुंदावतात, पाणी आणि पांढऱ्या पेशी तिथे धावून जातात. जंतू नसतानाही हे होतं: मुरगळलेल्या घोट्यात, उन्हाने भाजलेल्या पाठीत, अण्णांच्या खांद्यात. दिसायला सारखंच. म्हणून सुजलेल्या, लाल, गरम, दुखणाऱ्या जागेकडे पाहताना पहिला प्रश्न हाच विचारायला हवा की आत कुणी आहे का. तो मी विचारला नव्हता.

त्यानंतर आमच्या घरात दिवा लागला नाही. आत्या गेली, अण्णा गेले. दिवा माळ्यावर चढला, आणि प्रकाशाने काही बरं होतं असं कुणी म्हटलं की माझ्या पोटात गोळा येई.

मग आईचा गाल.

आई मिश्री लावायची. आमच्या गल्लीत सगळ्याच बायका लावायच्या. पहाटे तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजण्याचा तो वास म्हणजे माझ्या बालपणीची सकाळ. तिच्या उजव्या गालाच्या आत पांढरा चट्टा होता, मग न भरणारी जखम झाली. तपासणीत कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, आणि त्यानंतर तीस दिवस किरणोपचार, आठवड्यातले पाच दिवस, म्हणजे सहा आठवडे. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंड येईल, आणि ते नेहमीचं तोंड येणं नसेल. तोंडाच्या आतलं अस्तर सतत नवं होत असतं. किरणं कॅन्सरच्या पेशींबरोबर त्या नव्या होणाऱ्या पेशीही मारतात. अस्तर झिजतं, सोलवटतं. पाणी गिळतानाही डोळ्यांत पाणी येतं. कित्येकांना नाकातून नळी घालावी लागते, कित्येकांचे उपचार मध्येच थांबतात, आणि थांबले की कॅन्सरला उसंत मिळते.

मग त्या म्हणाल्या, "आमच्याकडे लेझर आहे, लाल प्रकाशाचा. किरणोपचाराच्या आधी रोज काही मिनिटं द्यायचा. दुखत नाही, गरमही लागत नाही."

लाल प्रकाश म्हटल्यावर मी खुर्चीतून उठलेच. आत्याचा पाय, फोड, रेघ, सगळं त्यांना सांगून टाकलं. त्यांनी मला थांबवलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमचा दिवा शेक देत होता. हा शेक नाही. आणि तुमच्या आईच्या तोंडात जे होणार आहे तो दाह आहे, जंतूंनी केलेला नव्हे, आम्ही केलेला." डॉक्टरांनी 'आम्ही केलेला' म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. मी सही केली.

रोज सकाळी आई हिरवा गॉगल लावून तोंड उघडून बसायची. पेनासारखी एक कांडी, टोकाला लाल ठिपका. तंत्रज्ञ मुलगी तो ठिपका ओठांच्या आतून, चांगल्या गालावरून, जिभेच्या कडांवरून, टाळ्यावरून एकेका जागी काही सेकंद धरून पुढे सरकवायची. जिथून गाठ काढली होती ती जागा ती कटाक्षाने सोडायची. आई म्हणायची, काहीच कळत नाही. ते वाक्य ऐकलं की माझे हात गार पडत. मग मी स्वतःच्या तळहातावर तो ठिपका मागून घेतला. खरंच काही कळलं नाही. अण्णांच्या दिव्याखाली दोन मिनिटांत कातडी तापायची, इथे काहीच नाही.

आईचं तोंड आलं. आलं नाही असं मी लिहिणार नाही. चौथ्या आठवड्यात जिभेची कड आणि डावा गाल लालभडक झाला. पण नळी घालावी लागली नाही आणि एकही दिवस चुकला नाही. पातळ खिमट, ताक, मऊ केलेला शिरा ती शेवटपर्यंत गिळत राहिली. तिच्या बरोबरच्या बाकावरच्या ज्या बायकांनी दुसरीकडे लेझरशिवाय किरणोपचार घेतले होते, त्यांच्या तोंडांची हकिकत मी ऐकली होती. एका माणसाच्या अनुभवावरून काही सिद्ध होत नाही, अण्णांच्या खांद्याने मला ते शिकवलंच आहे. म्हणून मी शोधायला लागले. मंगळूरच्या कस्तुरबा मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी तोंड-घशाच्या कॅन्सरच्या २२१ रुग्णांवर केलेला अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला आहे. काहींना रोज खरा लेझर, काहींना तशीच कांडी फिरवून नुसता आव. कुणाला काय मिळतंय हे रुग्णांना ठाऊक नाही. लेझर मिळालेल्यांमध्ये तीव्र प्रकारचं तोंड येणं, वेदना आणि गिळण्याचा त्रास बराच कमी होता. आज किरणोपचारातल्या तोंडाच्या दाहासाठी हा उपाय आंतरराष्ट्रीय वैद्यकीय मार्गदर्शक सूचनांमध्ये आहे. लाल प्रकाशाबद्दल जे काही सांगितलं जातं त्यात इतका भक्कम पाया असलेल्या गोष्टी फार थोड्या आहेत, आणि त्यातली एक मी माझ्या आईच्या तोंडात पाहिली.

त्याच तोंडात पाचव्या आठवड्यात आणखी एक गोष्ट पाहिली. एका सकाळी टाळ्यावर दह्याच्या कवड्यांसारखे पांढरे डाग दिसले. तंत्रज्ञ मुलीने कांडी बाजूला ठेवली आणि डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी बॅटरीच्या पांढऱ्या उजेडात पाहिलं, चमच्याच्या टोकाने एक डाग खरवडला आणि म्हणाल्या, "ही बुरशी. हिला औषध लागेल, लेझरने ही जाणार नाही." बुरशीनाशक औषध सुरू झालं, आठवड्याभरात डाग गेले. लेझर शेजारच्या लाल भागावर चालूच होता. एका बोटाच्या अंतरावर जंतू आणि दाह, आणि दोघांची औषधं वेगळी. मी तिथे उभी होते आणि मला आत्याचा पाय दिसत होता.

या उपायाची सुरुवात बुडापेस्टमध्ये झाली. लेझर १९६० साली अमेरिकेत पहिल्यांदा तयार झाला, माणकाच्या स्फटिकातून निघणारा लाल किरण. काही वर्षांनी हंगेरीतले डॉक्टर एन्द्रे मेस्टर त्या किरणाने उंदरांच्या अंगावरच्या गाठी जाळता येतात का ते पाहत होते. बॉस्टनमध्ये कुणीतरी ते केल्याचं त्यांनी वाचलं होतं. मेस्टर यांचा लेझर मात्र फारच क्षीण होता. गाठी तशाच राहिल्या. पण प्रयोगासाठी उंदरांची पाठ भादरली होती, आणि ज्यांच्यावर किरण सोडला होता त्यांचे केस इतरांपेक्षा लवकर उगवले. ही १९६७ ची गोष्ट. दुसरा कुणी असता तर फसलेला प्रयोग म्हणून वही मिटली असती. मेस्टर यांनी तोच क्षीण प्रकाश न भरणाऱ्या जखमांवर वापरून पाहिला आणि पुढचं आयुष्य त्यात घातलं.

तो आत काय करतो, याचं सगळ्यात मान्य उत्तर शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकाजवळच सापडतं. पेशीतल्या तंतुकणिका म्हणजे ऊर्जेचा कारखाना हे आपण सगळ्यांनी पाठ केलंय. त्या कारखान्यात सायटोक्रोम सी ऑक्सिडेझ नावाचं एक विकर आहे, ते लाल आणि त्यापलीकडचा अवरक्त प्रकाश शोषून घेतं. दमलेल्या पेशीत या विकरावर नायट्रिक ऑक्साइड चिकटून बसलेला असतो, प्रकाशाने तो सुटतो आणि काम पुन्हा चालू होतं, असं मानतात. यावर अजून वाद आहेत. मात्रेबद्दल मात्र सगळे एकाच सुरात बोलतात. कमी प्रकाशाने काही होत नाही, बेताच्या प्रकाशाने मदत होते, आणि जास्त दिला तर उलटा परिणाम होतो, बरं व्हायची गती मंदावते. आईला एकेका जागी काही सेकंदच का, याचं उत्तर हे होतं. आमच्या घरी अर्धा तास शेकायची पद्धत होती, कारण जितकं जास्त तितकं चांगलं असं आम्ही धरून चाललो होतो.

आणि लालच का? लहानपणी अंधारात टॉर्चवर तळहात ठेवून पाहिला नसेल असं मूल नाही. बोटं आतून लाल पेटल्यासारखी दिसतात. टॉर्चचा उजेड पांढराच असतो. आपलं रक्त त्यातला निळा-हिरवा भाग पिऊन टाकतं आणि लाल तेवढा पार जाऊ देतं. कातडीच्या आत पोहोचायचं तर लालच रंग चालतो, आणि तोही काही मिलिमीटर. अवरक्त त्याहून थोडा खोल.

पण माझा खरा प्रश्न आत्याच्या पायाचा होता. तो तापवणारा दिवा नसता, आईसारखा गार लेझर असता, तर जंतू मेले असते का?

या प्रश्नाचं उत्तर शंभर वर्षांपूर्वीच एका माणसाच्या आयुष्यात मिळून गेलं आहे. नील्स फिन्सेन, जन्म १८६०, फेरो बेटांवरचा. उत्तरेकडचा अंधारा प्रदेश, स्वतः कायम आजारी, पोटात पाणी होणारा, उन्हात बसलं की बरं वाटणारा. वैद्यकीचं शिक्षण कोपनहेगनला. १८९३ साली त्याने सुचवलं की देवीच्या रोग्यांना लाल पडद्यांच्या, लाल काचांच्या खोलीत ठेवावं. म्हणजे बाकीचे रंग अडवले जातील, फोड पिकणार नाहीत आणि व्रण राहणार नाहीत. कल्पना जुनीच होती. चौदाव्या शतकात इंग्लंडच्या राजपुत्राला देवी आल्या तेव्हा वैद्याने त्याच्या बिछान्याभोवती सगळं लाल गुंडाळलं होतं. हे वाचताना मला माझी आजी आठवली. तिच्या कमरेला नागीण झाली तेव्हा तिला कावेचा लाल लेप लावला होता आणि नागिणीचं तोंड-शेपूट जुळू नये म्हणून सगळं घर श्वास रोखून होतं. पेटलेल्या कातडीला लाल रंग लावावा असं माणसाला किती ठिकाणी, किती वेगवेगळ्या काळात वाटलं असेल.

युरोपात ठिकठिकाणी लाल खोल्या झाल्या. मग १९०४ साली लंडनच्या डॉक्टरांनी नीट तपासून पाहिलं आणि सांगितलं की काही फरक पडत नाही. फोड पिकतात, व्रण राहतात, माणसं मरतात. देवी शेवटी लशीने गेली. आपल्या देशातला शेवटचा रोगी १९७५ चा. माझ्या आईच्या दंडावरचा टोचल्याचा वण मी अजून पाहते.

पण याच फिन्सेनला १९०३ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं होतं, आणि तेही जंतूंवरच्या प्रकाशासाठीच. फक्त तो प्रकाश लाल नव्हता. चेहऱ्याची कातडी खाऊन टाकणारा क्षय होता, त्यावर त्याने कार्बन आर्क दिव्याचा निळा-जांभळा प्रकाश भिंगांतून एकवटून सोडला. कातडीतलं रक्त प्रकाश अडवतं हे त्याला ठाऊक होतं, म्हणून थंड पाणी खेळवलेलं पारदर्शक स्फटिकाचं भिंग कातडीवर घट्ट दाबून धरायचे, रक्त बाजूला सारायचं आणि मग प्रकाश द्यायचा. वर्षानुवर्षं तोंड झाकून जगणारी माणसं उघड्या चेहऱ्याने घरी गेली. २००५ साली डेन्मार्कच्या संशोधकांनी त्याची जुनी भिंगं तपासली आणि उलगडा झाला. क्षयाच्या जंतूंमध्ये पॉर्फिरिन नावाची द्रव्यं असतात, ती निळा-जांभळा प्रकाश शोषून जंतूलाच मारक ठरतात. फिन्सेन स्वतः १९०४ मध्ये गेला, त्रेचाळीस वर्षांचा. नोबेल घ्यायलाही त्याला जाता आलं नव्हतं.

एकाच माणसाच्या हातात दोन रंग होते. निळ्याने जंतू मेले, लालने नाही.

त्यामुळे आज लाल दिव्यांच्या जाहिरातीत घसा, सायनस, मुरमं, नखातली बुरशी, कानाचं दुखणं, सगळं एका ओळीत वाचलं की मला राग येतो. सगळं खोटं असतं म्हणून नव्हे. खरंही त्यात मिसळलेलं असतं, आणि म्हणूनच ते धोक्याचं आहे. मुरमांचंच पाहा. २००० साली लंडनमध्ये झालेल्या अभ्यासात निळा आणि लाल प्रकाश एकत्र दिल्यावर नुसत्या निळ्यापेक्षा जास्त गुण आला. जंतूंवर निळा, लालीवर लाल, असं काम वाटून घेतलेलं. तापानंतर ओठाच्या कोपऱ्यावर उठणारे हर्पिसचे फोड घ्या. व्हिएन्नात १९९९ साली एका छोट्या पण काटेकोर अभ्यासात लाल लेझर दिला, तेव्हा निम्म्या रुग्णांना सदतीस आठवड्यांहून जास्त काळ फोड परत आले नाहीत. नुसता आव आणलेल्या गटात हा काळ तीन आठवड्यांचा होता. विषाणू मज्जातंतूत दडून बसतो, तो तिथून गेलेला नसतो. तरी ज्याला दर महिन्याला ओठ फुटतो त्याला विचारा, सदतीस आठवडे म्हणजे काय.

लाल प्रकाशाने जंतू मारायचेच असतील तर त्याला जोडीदार लागतो, रंगद्रव्य. लहानपणी तोंड आलं की जांभळं औषध फासायचे, आठवतं? तशाच जातीचं एक निळं, मेथिलिन ब्लू. ते लाल प्रकाश पितं आणि अशा प्रकारचा ऑक्सिजन तयार करतं की जवळचा जंतू वाचत नाही. कॅनडात व्हँकुव्हरच्या मोठ्या रुग्णालयात ऑपरेशनआधी रुग्णांच्या नाकपुड्या अशा निर्जंतुक करतात, हिरड्यांच्या रोगातही दंतवैद्य हे वापरतात. पण तिथे मारणारं ते निळं द्रव्य असतं, आणि हे काम घरी लाल दिव्यांच्या पॅनेलसमोर बसून होत नाही.

घशाबद्दल मला जास्त कळकळीने बोलायचं आहे. बहुतेक घसे विषाणूने धरतात आणि मिठाच्या गुळण्या, विश्रांती यांवर पाच-सात दिवसांत सुटतात. गळ्यावर बाहेरून लाल दिवा धरून त्यात फारशी भर पडत नाही. पण मुलांचे काही घसे स्ट्रेप्टोकॉकस जंतूने धरतात. त्यांना योग्य अँटिबायोटिक मिळालं नाही तर काही आठवड्यांनी रूमॅटिक ताप येऊ शकतो आणि हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. आमच्या गल्लीतल्या एका मुलीच्या छातीवर ऑपरेशनचा उभा वण होता. ती आमच्याबरोबर लंगडी खेळायची नाही, भिंतीला टेकून बसायची. तिचा घसाही लहानपणी कशाकशाने 'बरा' केला होता. दुखणं कमी होणं आणि दुखण्याचं कारण जाणं यांत जे अंतर आहे, त्यात ती मुलगी राहत होती.

आईच्या उपचारांना आता सहा वर्षं झाली. जीभ थोडी जड आहे, तोंड पूर्वीसारखं मोठं उघडत नाही, लाळ कमी पडते म्हणून भाकरी आमटीत चुरून खाते. मिश्री सुटली. माझ्या गुडघ्यासाठी फिजिओथेरपिस्टने सांगितल्यावर मी एक छोटं एलईडी पॅनेल घेतलं आहे. किती अंतरावर, किती मिनिटं, हे त्यांनी कागदावर लिहून दिलं आहे आणि तो कागद मी पॅनेलच्या मागे चिकटवला आहे. फरक पडतो असं वाटतं. व्यायाम केला नाही तर पडत नाही, असंही वाटतं.

गेल्या महिन्यात मी इचलकरंजीला असताना शेजारच्या वहिनी मुलाला घेऊन आल्या. अकरा वर्षांचा, फुटबॉल खेळताना गुडघ्याखाली खरचटलेलं, तिसऱ्या दिवशी ती जागा सुजलेली.

"ताई, तुमच्याकडं तो लाल दिवा आहे न्हवं? आईंनी सांगितलं. जरा शेक देता का, रात्रभर ठणकतोय त्याला."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी मुलाला अंगणात पायरीवर बसवलं, चारचं ऊन होतं. पाय हातात घेतला. गरम होता. खरचटल्याच्या भोवती लाली, साधारण तळहाताएवढी. ताप आहे का विचारलं, सकाळी होता म्हणाला. मी आईच्या औषधांच्या डब्यातलं बॉलपेन आणलं आणि लालीच्या कडेने हळूहळू रेघ ओढली. त्याला गुदगुल्या झाल्या, तो हसला. शेजारी वेळ लिहिली, ४.१०. वहिनींना म्हटलं, आत्ताच डॉक्टरांना दाखवून या, दिवा मी देणार नाही. त्यांचा चेहरा उतरला. घरातली वस्तू नाकारल्यासारखं त्यांना वाटलं असणार. गेल्या मात्र. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, रेघ पाहून मान डोलावली आणि लाली रेघेबाहेर गेली तर रात्रीही या म्हणून सांगितलं, हे त्यांनी परत येऊन कळवलं.

साडेनऊला आम्ही जेवायला बसलो होतो. आई आमटीत भाकरी चुरत होती. वहिनींचा फोन आला. लाली रेघेच्या बाहेर दोन बोटं आली होती, अंगात थंडी भरली होती आणि त्याचे वडील रात्रपाळीला गेले होते.

"पुरे झालं माझं, तू ऊठ," आई म्हणाली. मी हात धुतले, गाडीची किल्ली घेतली आणि बॉलपेनही बरोबर घेतलं.